रसदीचा शिपाई

माझे मामंजी १९७१ च्या युद्धात सैन्यात ट्रकवर होते. नवी सून असताना मी त्यांना विचारले, "मामंजी, तुम्ही लढलात का?" ते म्हणाले, "नाही पोरी, आम्ही भाकऱ्या पोचवल्या." मला हसू आले. ते हसू आज मला बोचते.

चाकणहून शिक्रापूरमार्गे नगररस्त्याला लागावे, शिरूर मागे टाकावे, की पुढे पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी लागते. तेथले किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, हेही सैन्यात ट्रकच चालवीत. शिक्षण सातवीपर्यंत, त्याआधी ते मुंबईत दादरला फुले विकीत.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. पंजाबातील खेमकरण भागात असल उत्तर गावापाशी आपल्या जवानांनी पॅटन रणगाडे फोडले. तेथेच अब्दुल हमीद धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच खेमकरण भागात अण्णांच्या ट्रकवर शत्रूचा हल्ला झाला. सोबती गेले, अण्णा तेवढे वाचले.

धान्य, पेट्रोल, दारूगोळा मागून आला नाही, तर पुढची तोफ मुकी होते आणि रणगाडा जागीच थांबतो. म्हणून शत्रूचा डोळा रसदीच्या गाडीवर असतो. चालकाच्या हाती मात्र बंदूक नसून चाक असते. गोळ्या सुटल्या तरी त्याला माल पोचवावाच लागतो.

आपणच का उरलो, या विचाराने अण्णांची पाठ सोडली नाही. उरलेले आयुष्य लोकांचे, असे ठरवून त्यांनी लग्न केले नाही. १९७५ साली ते गावी परतले. गावात पाण्याचे दुर्भिक्ष आणि दारूच्या भट्ट्या. गावकऱ्यांनी त्यांच्यासोबत श्रमदान करून बांध घातले, पाणी जिरवले. १९८० च्या सुमारास धान्य बँक निघाली. ज्याच्याकडे जास्त त्याने धान्य ठेवायचे, अडलेल्याने न्यायचे आणि सुगीला थोडे वाढवून परत करायचे. म्हणजे रसद पोचविण्याचे काम काही सुटले नाही! १९९० साली त्यांना पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण मिळाले.

माझ्या मामंजींना असे काही मिळाले नाही. आता ते नाहीत. त्या भाकऱ्या कोणत्या वाटेने नेल्या, वाटेत काय घडले, हे मी कधी विचारलेच नाही. आपल्या शेजारी असा कोणी वृद्ध जवान असेल, तर "लढलात का?" असे विचारू नका. "वाटेत काय झाले?" असे विचारा, आणि ते लिहून ठेवा.