पत्त्यातले हौद आणि वळवलेला ओढा

पुण्यावर प्रेम करायची एक ठरलेली पद्धत आहे. वाडे पडले, सायकली गेल्या, टेकड्यांवर सिमेंट चढलं, "पूर्वीचं पुणं राहिलं नाही" असा उसासा टाकायचा आणि पुढचा चहा मागवायचा. मीही टाकतो. जन्म इथलाच, त्यामुळे तेवढा हक्क आहेच :-)

पण मंडळी, "पूर्वीचं पुणं" म्हणजे नेमकं कुठलं? हे शहर दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत आलंय आणि बऱ्याचदा त्या बदलामागे एकच कारण सापडतं, ते म्हणजे पाणी. वाड्यांबद्दल बोलणारे खूप आहेत, म्हणून आज जरा पाण्याबद्दल.

मूळ पुणं म्हणजे मुठेकाठचं कसबं. पेशव्यांची गादी इथे आली, माणसं वाढली, पेठा वसल्या आणि नदी, विहिरी पुरेनात. तेव्हा १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं. तलाव दोन. वरच्यात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्यात यायचं. तिथून दगडी बांधणीचा भुयारी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत. ना पंप, ना मोटर, सगळा खेळ उताराचा. वाटेत ठराविक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारी आणि साफसफाईसाठी आत उतरता येईल अशी उघडी तोंडं. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंसुद्धा याच पाण्यावर उडायचं.

पण हे पाणी फक्त वाड्यासाठी नव्हतं. पेठापेठांतून सार्वजनिक हौद होते. काळा हौद, बदामी हौद. आजही जुन्या पुण्यात पत्ता सांगताना "हौदापाशी या" म्हणतात. त्या हौदाचा कात्रजशी काय संबंध, हे मात्र सांगणाऱ्याच्याही गावी नसतं. आपल्या ऑफिसात एखादं जुनं मॉड्यूल असतं ना, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, आणि तरी बिचारं चालूच... अगदी तसं. फरक इतकाच, की हे मॉड्यूल शंभर-दोनशे वर्षं चाललं!

याच काळात नानासाहेबांनी दुसरंही एक मोठं काम केलं. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा तेव्हा, आज जिथे दाट पेठा आहेत, तिथून वाहत मुठेला मिळायचा. त्यांनी तो पर्वतीजवळून पश्चिमेकडे वळवला. मोकळ्या जागेत पेठा वाढल्या. पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. पुढे त्या तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. तळं आटलं, तिथे सारसबाग झाली, पण नाव अजून "तळ्यातला गणपती"च. म्हणजे ज्याला आपण अस्सल, मूळचं पुणं म्हणतो, ते एका वळवलेल्या ओढ्याच्या जुन्या वाटेवर उभं आहे.

इंग्रज आले. कॅम्प वाढला, तशी पाण्याची गरजही वाढली. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं. पुढे नळ घरात आले आणि हौदांची गरज हळूहळू संपली.

मग आला १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं आणि त्यात पावसाळ्याचं पाणी चढत होतं. जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवायची शिकस्त केली. तरी सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण रात्री फुटतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. पुन्हा "पाणी आलं, पाणी आलं" अशी अफवा उठली आणि माणसं जीव मुठीत धरून पर्वतीकडे धावली. आमच्या घरातली जुनी माणसं अजून काळ सांगताना "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असंच सांगतात, सन कोणी सांगत नाही.

खडकवासलाच फुटल्यावर नळाला पाणी कुठून येणार? तेव्हा जुन्या विहिरी आणि कात्रजचे ते विसरलेले हौद पुन्हा कामी आले. याला म्हणतात बॅकअप! पुरानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठेतली बिऱ्हाडं तिकडे पांगली. आज ज्यांना "जुने, शांत भाग" म्हणून आपण हळहळतो, त्यांतले काही त्या पुरानेच वसवलेत.

इथपर्यंत इतिहास म्हणून वाचायला मजा येते. पण पुढचं आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. जवळपास वर्षभराने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजकडे धो धो पाऊस पडला आणि आंबिल ओढा पात्र सोडून धावला. अरण्येश्वर भागात टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली. शहर आणि आसपासच्या भागात त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरं बुडाली.

नानासाहेबांनी ओढा वळवला, पण त्याला वाट दिली होती. आपण ओढ्यावर भिंती घातल्या, पात्र आवळलं, काही ठिकाणी त्याचं गटार केलं आणि मग त्याला "नाला" म्हणून मोकळे झालो. एकदा नाला म्हटलं की त्याच्यावर काहीही बांधायला मन धजावतं. आणि भिंत पडते तेव्हा तिच्याखाली बहुतेक वेळा तीच माणसं असतात, ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही.

शहर बदलू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. ते बदललं म्हणून तर माझ्यासारख्याला घराजवळ नोकरी मिळाली. मेट्रो झाली, होऊ दे. टॉवर होतायत, होऊ देत. पण आपल्यापैकी अर्धे जण सध्या फ्लॅट बघत फिरतायत. क्लबहाऊस, पार्किंग, "रिव्हर व्ह्यू" सगळं विचारतो आपण. एकदा हेही विचारा, की इथून पूर्वी काय वाहायचं? बिल्डर सांगणार नाही. शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या आजींना विचारा, त्या बोट दाखवून सांगतील पाणी कुठवर आलं होतं ते.

आणि पुढच्या रविवारी वेळ असेल तर सिंहगडाऐवजी कात्रजला जा. तलाव बघा, मग ओढ्याच्या कडेने जमेल तेवढं दांडेकर पुलापर्यंत चालत या. नाकाला रुमाल लागेल, आधीच सांगून ठेवतो. पण "पूर्वीचं पुणं" बघायचंच असेल, तर ते या वाटेवर अजून बरंच शिल्लक आहे.