लढाऊ विमान आणि वाराणसीची वैमानिक

उड्डाणाच्या इतिहासात 'पहिला' आणि 'पहिली' यांच्या याद्या फार. त्या पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा : आकाशात जीव धोक्यात घालायची परवानगी कोणाला होती? वाराणसीच्या शिवांगी सिंह यांची गोष्ट या प्रश्नाशिवाय नीट कळत नाही.

१९३६ साली २१ वर्षांच्या सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. सासरी वैमानिक होते. दार घरातूनच उघडले. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले. मग महायुद्धाने नागरी प्रशिक्षण थांबले आणि व्यावसायिक परवाना राहून गेला.

हवाई दलाने स्त्रियांसाठी दार किलकिले केले ते १९९० च्या दशकात. मालवाहू विमाने, हेलिकॉप्टर चालवा; लढाऊ विमान मात्र नको. १९९४ मध्ये अ‍ॅव्हरो एकटीने उडवणाऱ्या हरिता कौर देओल २४ डिसेंबर १९९६ रोजी आंध्र प्रदेशात अ‍ॅव्हरोच्याच अपघातात मृत्युमुखी पडल्या. म्हणजे परवानगी असलेल्या कामातही मरण होतेच. तरी लढाऊ विमानांबाबत युक्तिवाद कायम : शत्रूच्या हाती सापडली तर? (पुरुष सापडला तर, हे कोणी विचारत नसे.) २०१५ मध्ये सरकारने ही अट काढली आणि २०१६ मध्ये पहिल्या तिघी दाखल झाल्या.

पाठोपाठच्या तुकडीत शिवांगी सिंह होत्या. बनारस हिंदू विद्यापीठात शिकताना त्या एनसीसीच्या ७ यूपी एअर स्क्वॉड्रनमध्ये होत्या. हा तपशील चरित्रातला किरकोळ म्हणून सोडू नका. सरलाबाईंना जे सासरने दिले, ते इथे एका सार्वजनिक संस्थेने दिले. २०१७ मध्ये कमिशन मिळाले, नंतर मिग-२१ बायसन. हे विमान धावपट्टीवर टेकत असे ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने. चूक सावरायला क्षणही पुरत नसे. २०२० मध्ये राफेलसाठी निवड झाली.

मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात तो जुना 'सापडली तर?' अफवा बनून परतला. शिवांगी सिंह पकडल्या गेल्या, असे समाजमाध्यमांवर फिरू लागले. पत्र सूचना कार्यालयाने ते खोटे असल्याचे जाहीर केले. २९ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अंबाला तळावरून राफेलमधून उड्डाण केले. त्या दिवशीच्या छायाचित्रात त्यांच्या शेजारी शिवांगी सिंह उभ्या आहेत.