जालन्याच्या छावणीतली पक्ष्यांची वही

जालना येथे 1827 मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी उभारली. त्यानंतर दहाएक वर्षांनी मद्रास फौजेतील एक तरुण डॉक्टर, थॉमस जर्डन (1811–1872), घोडदळाबरोबर दख्खनमध्ये आला. नोकरी सांभाळून तो पक्ष्यांचे निरीक्षण करी. 1839-40 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात त्याने दक्षिण भारतातील पक्ष्यांची यादी क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यात जालन्याच्याही नोंदी आहेत.

त्याआधी, 1832 मध्ये, कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी दिली होती. जर्डनने मात्र पक्षी कोणत्या जमिनीवर, कोणत्या ऋतूत, काय करताना दिसतो याकडे विशेष लक्ष दिले. दख्खन व मध्य भारतातील माळांवर पावसाळ्यात माळढोक मोठ्या संख्येने एकत्र फिरतात, पंचवीस-पंचवीसांचे थवे आपण पाहिले आहेत, असे त्याने पुढे आपल्या पक्षिग्रंथात (1862–64) लिहिले. आज निसर्गात उरलेले सारे माळढोक मोजले तरी दोनशे भरत नाहीत. ही नोंद नसती, तर आपला माळ पहिल्यापासून असाच ओका होता, असे आपण सहज मानले असते.

त्या काळी पक्षी ओळखायचा तर बहुधा बंदुकीने पाडावा लागे. आपल्याला डोळे आणि वही पुरेत. मे महिन्यात एखाद्या सकाळी विद्यार्थ्यांना घाणेवाडी तलावाकाठी न्यावे, असे आम्ही सुचवतो. पाणी ओसरलेल्या ओल्या मातीवर फुलपाखरे सोंड टेकून बसतात. त्यांत बहुतेक नर असतात आणि ते पाण्याबरोबर क्षार शोषून घेतात. उघड्यावर अंडी घालणारी टिटवी पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. परतताना मोसंबीची कोवळी पाने पाहावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तर ते काळ्या-पिवळ्या नक्षीच्या फुलपाखराचे बालरूप समजावे.

तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहावी. अपेक्षित पक्षी दिसला नाही, तर तेही लिहावे. टिटवी तर रोजचीच, तिची काय नोंद करायची, असे विद्यार्थी विचारतील. जर्डनच्या दिवसांत माळढोकही रोजचाच होता, एवढे त्यांना सांगावे.