मामा तलावातील जीवसृष्टी

मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव : झाडीपट्टीतल्या उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवलेले जुने जलाशय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे त्यांचे मुख्य जिल्हे. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर धरली जाते. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला सती नदीकाठी वसलेले कुरखेडा आणि त्याचा तालुका याच तलावांच्या, बोड्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या मुलखात येतो. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, बांधी म्हणजे पाणी धरणारे धानाचे खाचर. रोवणीनंतर पावसाने दडी मारली की आजही धान वाचवायला हेच पाणी कामी येते.

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन बहाल करण्याची पद्धत होती. त्या सनदेला तुकूम म्हणत. परंपरेने हीरशहा राजाचे नाव या धोरणाशी जोडले जाते. बांधकामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हे त्यांचे सर्वांत नावाजलेले काम. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले.

मामा तलाव ताटासारखा उथळ असतो. पाळीजवळ खोल पाणी, मध्ये पाणवनस्पतींचा पट्टा आणि जिकडून पाणी येते तिकडे गुडघाभर पाण्यात उगवलेले देवधान व गवत. भाद्रपदात तो काठोकाठ भरतो. वैशाखात मात्र अर्ध्याहून अधिक पोट उघडे पडते आणि मातीला भेगा जातात. इथल्या प्रत्येक प्राण्याचे आयुष्य या भरण्या-आटण्याच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. मुलांना रंगवून सांगावी अशी साहसे या तलावात वर्षभर चालू असतात, आणि त्यात काही पदरचे घालावे लागत नाही.

पहिला पाऊस. मृगाच्या सरी कोसळल्या की चिखलात दडलेला मोठा बेडूक बाहेर पडतो. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर विणीच्या दिवसांत लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याचे दोन फुगे निळे दिसतात. याच बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा व्यापार भारतात जोरात होता. १९८७ पासून त्यावर बंदी आहे. त्याच सुमारास मासेही वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. सांडव्यावरून, पाटातून, धुऱ्यांच्या फटींतून ते उथळ बांध्यांत शिरतात आणि अंडी घालतात. पिल्ले काही आठवडे धानाच्या बुंध्यांशी वाढतात, मग उतरत्या पाण्याबरोबर तलावात येतात.

रोहू, कटला आणि मृगळ यांना मात्र विणीसाठी नदीचे वाहते पाणी लागते. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाची सुई टोचून या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यजिरे आणि बोटुकली विकत आणून तलावात सोडण्याची पद्धत देशभर रुजली. १० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

मरळ. या तलावांतला सर्वांत कडक पहारेकरी. नर-मादी पाणवनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करतात. अंडी तिथे पृष्ठभागावर तरंगतात. बाहेर पडलेली शेकडो केशरी-तांबडी पिल्ले एकाच घोळक्याने हिंडतात. घोळका श्वासासाठी वर आला की पाण्यावर बुडबुड्यांची उकळी फुटल्यागत दिसते, आणि बरोबर खाली मोठा मासा घिरट्या घालत असतो. पिल्लांकडे वळलेल्या बेडकावर तो थेट चाल करतो. मरळीला हवेतला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे पाणी आटल्यावर ओलसर चिखलात ती तग धरते. शेजारच्या तेलंगणाने मरळीलाच राज्यमाशाचा मान दिला आहे. देशी मांगूरही हवेत श्वास घेतो. आफ्रिकन मांगूर हा त्याचा परदेशी भाऊबंद अधाशीपणे इतर मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे.

बापांचे राज्य. कमळाच्या पानांवर लांब बोटे टेकत चालणाऱ्या कमळपक्ष्याची मादी साधारण चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे नराच्या वाट्याला येते. कांस्यपंखी जातीचा नर धोका दिसताच पिल्ले पंखांखाली दाबून उचलतो. अशा वेळी त्याच्या अंगाखालून पिल्लांचे लांब पाय तेवढे लोंबताना दिसतात. पाण्यातल्या एका चपट्या ढेकणाचीही तीच तऱ्हा. मादी त्याच्या पाठीवरच अंडी चिकटवते आणि ती फुटेपर्यंत नर ते ओझे घेऊन पोहतो. अंड्यांना हवा मिळावी म्हणून तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो.

चतुराची अळी. पंख फुटण्याआधी चतुर पाण्यात राहणारा शिकारी असतो. दुमडलेला खालचा ओठ तो झटक्यात पुढे फेकतो आणि डासाची अळी किंवा बेडूकमासा पकडतो. मागून पाण्याची चिळकांडी मारून पळही काढतो. चतुरांचीच एक पिवळसर जात पावसाळी डबक्यांतही काही आठवड्यांत वाढ पूर्ण करते. पावसाळा सरल्यावर तिचे थवे मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला.

उन्हाळा. मोठी गोलसर गोगलगाय शंखाचे दार घट्ट लावून चिखलात झोपते आणि पावसापर्यंत तशीच राहते. तिला कल्ल्यासह फुप्फुसासारखी पिशवीही असते. तिचा खरा वैरी मुग्धबलाक. त्याच्या चोचीच्या दोन भागांत मधोमध फट असते, आणि चोचीच्या टोकाने तो शंखातला मऊ जीव ओढून काढतो. मागच्या पायांवर कातडी झडपा असलेले कासवही चिखलात पुरून घेते.

हिवाळा. पूर्व विदर्भातल्या मोठ्या तलावांवर उत्तरेकडून बदके येतात. काही ठिकाणी तिबेट-मंगोलियाकडचा पट्टकादंब उतरतो. हिमालय ओलांडताना या हंसाची उंची सात हजार मीटरहून अधिक नोंदली गेली आहे. अडई आणि काणूक ही बदके इथलीच. काणूक झाडाच्या ढोलीत घरटे करते आणि तिची पिल्ले तिथून खाली उडी मारूनच पाण्याकडे जातात.

माणूस आणि तलाव. मासेमारी आणि शिंगाड्याची लागवड हा ढिवर समाजाचा पिढीजात व्यवसाय. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. गेल्या काही दशकांत गाळ साचला, काठाने बेशरम ही तणवनस्पती माजली आणि पाणवनस्पती घटल्या. वनस्पती गेल्या की अंडी चिकटवायला आणि पिल्लांना लपायला जागा राहत नाही, म्हणून देशी मासे सर्वांत आधी कमी होतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोबतीने बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पोटात नांगरट केली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्यानंतर देशी मासे आणि पक्षी परतले. यंत्राने सरसकट खोल खणून गाळ काढला, तर माशांच्या विणीचा उथळ पट्टाच नाहीसा होतो.

मुलांसाठी. मराठीत या जगाची ओळख करून देण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. वनाधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांधला काढलेल्या काळावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक आहे. ‘पक्षीकोश’ही त्यांचाच. कुरखेड्याच्या शाळांना निरीक्षणासाठी तीन वेळा सोयीच्या आहेत : जूनच्या पहिल्या पावसात बेडूक आणि चढणीचे मासे, श्रावण-भाद्रपदात कमळपक्ष्यांची वीण, डिसेंबर-जानेवारीत बदके. विणीच्या दिवसांत पाळीवरूनच दुर्बिणीने पाहावे, कारण डिवचलेला कमळपक्षी अंडी दुसरीकडे हलवू लागतो. झडपांचे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते सापडल्यास घरी नेता येत नाही.