शुगर आहे? मग हिरड्यांतलं रक्त अंगावर काढू नका

शुगर निघाली की माणूस चहातली साखर बंद करतो, भात कमी करतो, पायाला काही लागू नये म्हणून रानात चप्पल घालून जातो. तोंडात मात्र कुणी बघत नाही. दात हलायला लागले की "वय झालं" म्हणून सोडून देतात.

माझ्या चुलत्यांनी तेच केलं. वर्षभर ब्रशला रक्त लागत होतं, ते मीठ-हळद चोळून गप्प बसले. गोळ्या वेळेवर, पथ्यही चालू, तरी शुगर खाली येईना. शेवटी गाल सुजला तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. हिरड्यांत पू झाला होता. तीन दात गेले. हिरड्यांचा इलाज पूर्ण झाला आणि मग शुगरही हळूहळू उतरायला लागली.

याचं कारण सरळ आहे. रक्तातली साखर वाढली की लाळेतलीही वाढते, त्यावर जंतू पोसतात, आणि शरीराची त्यांच्याशी झुंजायची ताकद कमी पडते. हिरडी सुजते, दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं. उलट हिरड्यांतला हा आजार शुगर चढवतो. दोन्हीकडून मार.

ब्रश करताना रक्त, तोंडाला वास, दातांत नवी फट, तोंड सारखं कोरडं पडणं, जिभेवर पांढरे चट्टे, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. दुखायची वाट बघू नका. हिरड्यांचा आजार बऱ्याचदा दुखतच नाही.

गावात एक समज पक्का आहे, दात साफ करून घेतले की हलतात. खरं तर दात आधीच ढिले झालेले असतात, कीटणाने ते धरून ठेवल्यासारखे वाटतात. कीटण निघालं की हिरडीला बरं व्हायला वाव मिळतो. आणि बायाबापड्यांची मिश्री? ती जाळलेली तंबाखूच, हिरड्यांचं वाटोळं करणारी. मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री झोपताना दात घासा. कवळी असेल तर रात्री काढून धुऊन ठेवा.

"शुगर असली की दात काढता येत नाही" हेही खोटं. शुगर आटोक्यात असली तर काढता येतो. जाताना तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, म्हणजे एचबीएवनसीचा, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आवर्जून सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. शक्यतो सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन जा. उपाशीपोटी गोळी घेऊन रांगेत बसलं की घाम फुटतो, हातपाय थरथरतात. ती शुगर उतरल्याची खूण. खिशात साखरेची पुडी ठेवा.

शुगरची तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. दातांचे डॉक्टर बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत असतात, पण रोज असतीलच असं नाही. एसटीचं तिकीट काढायच्या आधी आशाताईंना वार विचारून घ्या.