पेव खोल, तोंड अरुंद

हार्डडिस्क घेताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती जीबीची?’ दुसरा, ‘केवढ्याला?’ ती वाचते किती वेगाने, हे विचारायचे बहुधा राहूनच जाते. गंमत अशी, की पहिल्या हार्डडिस्कचे सारे मोल या राहून गेलेल्या प्रश्नातच होते.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याची डिस्क रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे घडली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या वर. एवढ्या अवजड यंत्रात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे! साऱ्या यंत्रणेचे भाडे मात्र महिना ३२०० डॉलर. तरीही तिला गिऱ्हाईक मिळाले. कारण तोवर हिशेब छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांत नाहीतर चुंबकीय फितीवर असत. फितीवरची मधली नोंद हवी, तर फीत तिथपर्यंत उलगडावी लागे. डिस्कवर हवी ती नोंद सरासरी ०.६ सेकंदात सापडे.

पुढे किंमत कोसळली. सीगेट कंपनीची १९८० ची पाच मेगाबाइटची डिस्क १५०० डॉलरला होती. म्हणजे मेगाबाइटला ३०० डॉलर. २००७ मध्ये हिताचीची एक टेराबाइटची डिस्क ३९९ डॉलरला आली. म्हणजे एका डॉलरला अडीच हजार मेगाबाइट!

आणि वेग? आजची मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क हवी ती नोंद सुमारे १३ सहस्रांश सेकंदात गाठते. १९५६ च्या तुलनेत साठवण पन्नास लाख पटींहून अधिक वाढली, शोधण्याचा वेग मात्र जेमतेम पंचेचाळीस पट. याचे कारण सरळ आहे. खुणा बारीक करता येतात, पण वाचणारा दांडा हलायला आणि तबकडी फिरायला वेळ लागतोच. २००० साली १५,००० फेऱ्यांच्या डिस्क आल्या. पण उष्णता, आवाज आणि किंमत यांमुळे त्या घरगुती संगणकात रुळल्या नाहीत.

जुन्या पेवासारखे झाले हे. पेव खोल होत गेले, तोंड त्या मानाने रुंदावले नाही. १९८० ची ती डिस्क कागदावरच्या हिशेबाने आठ सेकंदांत पूर्ण वाचून होई. आजची वीस टेराबाइटची डिस्क वाचायला जवळजवळ एक दिवस लागतो. मोठ्या संगणक-केंद्रांत एक डिस्क बिघडली, की तिच्या जागी नवी भरायला तेवढाच वेळ किंवा त्याहून जास्त जातो. त्या अवधीत आणखी डिस्क बिघडल्या, तर माहिती कायमची जाऊ शकते.

फिरती तबकडीच नसलेल्या एसएसडीने शोधण्याचा वेळ एका सहस्रांश सेकंदाच्याही आत आणला. पण तेवढ्याच जागेसाठी ती अजून महाग पडते. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी आणि साठवणीला हार्डडिस्क, ही वाटणी शहाणपणाची. आणि घरातले सगळे फोटो एकाच मोठ्या डिस्कवर ठेवले असतील, तर दुसरी प्रत आजच करायला घ्यावी. एकदा डिस्क कुरकुरू लागली, की पेव उपसायला लागणारा वेळ आपल्या हाती असेलच असे नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)