काटा आणि संदेश : विजेच्या गाडीची बॅटरी आपल्याशी कशी बोलू लागली

तत्त्वज्ञानाचा माणूस आज विजेच्या गाडीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. पण त्याला कारण घडलं. गेल्या वर्षी एका रात्री आमच्या सौभाग्यवतींच्या छातीत दुखू लागलं. आम्ही घाईघाईने गाडीत बसलो, तर पडद्यावर एकामागून एक संदेश : ब्रेक तपासा, स्टिअरिंग तपासा, बॅटरी यंत्रणेत बिघाड. गाडी जागची हलेना. तीन आठवड्यांपूर्वी उभी केली तेव्हा चार्ज ८० टक्के होता! शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला. दुखणं पित्ताचं निघालं, म्हणून आज शांतपणे सांगता येतंय.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून फोनवरच निदान आलं : मोठी बॅटरी गेली असावी, खर्च लाखांत जाईल. आता प्रश्न असा, की यंत्र जे सांगतं ते खरं मानायचं का? आणि कितपत? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी तयार केली. पुढे १८९९ मध्ये कामिय जनात्झी यांनी ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला, तो विजेच्याच गाडीतून. त्या काळच्या विजेच्या गाड्यांत चालकासमोर व्होल्टमीटर आणि अँमीटर असत. चढावर काटा खाली यायचा, गाडी थांबली की थोडा वर चढायचा. कुठलं उतरणं साधं आणि कुठलं काळजीचं, हे चालकाला अनुभवाने कळे. शंका आलीच तर हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजत. म्हणजे काटा फक्त माप दाखवी. निष्कर्ष माणूस काढी.

मग १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. पेट्रोल गाडीचा हँडल मारण्याचा त्रास गेला. फोर्डची स्वस्त मोटार आधीच बाजारात होती. विजेच्या गाड्या मागे पडल्या. पण गंमत बघा, त्यांना मागे टाकणाऱ्या पेट्रोल गाडीत शिशाची बॅटरी मात्र कायमची जाऊन बसली. पुढे अनेक गाड्यांत मीटर जाऊन लाल दिवे आले. अमेरिकेत त्यांना थट्टेने ‘इडियट लाइट’, मूर्खांसाठीचा दिवा, म्हणू लागले. दिवा माप सांगत नाही, निकाल सांगतो.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि विजेच्या गाडीचे दिवस पुढे पुन्हा फिरले. पण लिथियमचा स्वभाव वेगळा. तो सेल जास्त चार्ज झालेला चालत नाही, अगदी रिकामा झालेलाही चालत नाही. शिवाय बराच काळ व्होल्टेज फारसं बदलत नाही, त्यामुळे नुसत्या काट्यावरून शिल्लक कळत नाही. म्हणून संगणक आला. तो सेलांचं व्होल्टेज, तापमान आणि आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. पडद्यावरचे ‘८० टक्के’ हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे.

आता आमच्या गाडीकडे येऊ. बहुतेक विजेच्या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. मोठी चाकं फिरवते. १२ व्होल्टची छोटी संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विच ओढते. छोटी उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी. शेजारच्या गॅरेजवाल्याने मल्टिमीटर लावला : १०.८ व्होल्ट. स्वस्थ बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मागाहून बसवलेला डॅशकॅम तीन आठवडे वीज पीत होता! जंपर लावल्यावर सगळे संदेश गेले. छोटी बॅटरी काही हजारांत बदलली.

मग संदेश खोटे होते का? इथे आपले मीमांसक आणि नैयायिक मदतीला येतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं केव्हा म्हणता येतं? पुरेसा उजेड असेल तरच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. कमी व्होल्टेज हा गाडीतला अंधार. ब्रेकच्या संगणकाचं उत्तर आलं नाही, एवढंच खरं होतं. त्यावरून ‘ब्रेक बिघडला’ हा निष्कर्ष निघाला.

म्हणून क्रम असा ठेवावा. एकदम पाच-सहा असंबद्ध संदेश आले, तर आधी छोटी बॅटरी मोजून घ्यावी. ती ठीक असेल, तर वर्कशॉपला विचारावं : साठलेला कोड कोणता, आणि सर्वांत आधी कोणता उमटला? निकाल नको, माप दाखवा.

पण एक सावधगिरी. ‘ताबडतोब थांबा’, बॅटरी तापली, इन्सुलेशनमध्ये दोष, असे संदेश आले तर तत्त्वचर्चा करू नये. गाडी बाजूला घ्यावी, उतरावं, दूर व्हावं. नारिंगी केबलला तर हातच लावू नये. शंका घेण्याचा अधिकार सुरक्षित जागी पोहोचल्यावरचा.

शंभर वर्षांपूर्वीचा चालक काट्यावरून स्वतः विचार करी. आज यंत्र आपल्यासाठी विचार करतं, आणि बरंच चांगलं करतं. पण त्याला हेतू विचारण्याचं काम आपण सोडलं, की दवाखान्याच्या वाटेवर अडकतो आणि लाखांचं बिलही मान्य करून बसतो. इथेच थांबतो.